संगणकाची तपासणी अडते तेव्हां

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

घरांतील संगणक अलीकडे जरा मंद चालतो असें वाटूं लागतें, म्हणून एखाद्या रविवारीं सकाळीं कुटुंबांतील कोणी तरी अँटिव्हायरस उघडतो आणि 'फुल स्कॅन' असें लिहिलेली कळ दाबतो. पट्टी पुढें सरकूं लागते. दहा टक्के, तीस टक्के, साठ टक्के. आणि मग एके ठिकाणीं ती जी उभी राहते ती राहतेच. दुपारचें जेवण होतें, वामकुक्षी होते, चहा होतो; पण त्रेसष्टचे चौसष्ट होत नाहींत. खालीं एका फाइलचें नांव दिसत असतें, तेंहि बदलत नाहीं. अखेर कोणी तरी वैतागून यंत्राची वीजच बंद करतें. पुढच्या रविवारीं पुन्हां तोच प्रकार, आणि बहुधा त्याच आंकड्यापाशीं.

अशा वेळीं घरोघरीं तीन उपाय होतात. कोणी यंत्र रात्रभर तसेंच चालूं ठेवतात. सकाळपर्यंत तें आपोआप सुटेल अशी त्यांना आशा असते. कोणी अँटिव्हायरसच बिघडला असें ठरवून त्याला कायमची रजा देतात. आणि कोणी इंटरनेटवर सांपडलेल्या एखाद्या 'साहाय्य केंद्रा'ला दूरध्वनि करतात. पहिल्या उपायांत एखादे वेळीं डिस्क जाते, दुसऱ्यांत घराचें दार उघडें राहतें, आणि तिसऱ्यांत बँकेंतील शिल्लक जाण्याचा संभव असतो. म्हणून आज एवढेंच सांगावयाचें योजिलें आहे कीं, तपासणी अडली असतां ती कोठें अडली हें आधीं पाहावें. त्या ठिकाणावरून पुष्कळदां कारण कळतें. आणि कारण कळल्यावांचून पुन्हां पुन्हां केलेला प्रयत्न एका प्रकारांत तरी फार महाग पडतो. तो प्रकार कोणता हें पुढें येईलच.

अँटिव्हायरस करतो काय, तें प्रथम पाहूं. तो डिस्कवरील एकेक फाइल उघडतो, तिच्यांतील मजकूर वाचतो, आणि त्यांत हानिकारक प्रोग्रॅमांच्या ओळखीच्या खुणा आढळतात कीं काय तें तपासतो. ज्याविषयीं संशय येतो तो प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर चालूं न देतां एका काल्पनिक यंत्रांत थोडा वेळ चालवून त्याचे गुण पाहतो. काम साधें आहे, परंतु त्याचा पसारा अफाट आहे. आय. बी. एम. धाटणीच्या घरगुती संगणकांवरील पहिला विषाणु म्हणून ज्याचें नांव घेतात, तो 'ब्रेन' १९८६ सालीं लाहोरच्या बासित व अमजद अल्वी या दोघां भावांनीं लिहिला. तो ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीच्या आरंभींच्या भागांत दडून बसे. तेवढी तबकडी सगळी वाचून काढावयाची म्हटलें तरी मिनिटभराचें काम. आपल्या पुण्यांत कैलास व संजय काटकर या बंधूंनीं १९९० नंतरच्या दशकांत 'क्विक हील' हें विषाणुनाशक साधन उभें केलें, तें याच फ्लॉपीच्या जमान्यांत. थोरल्या बंधूंचा मूळचा धंदा गणकयंत्रें दुरुस्त करण्याचा होता. आज एक टेराबाइटची डिस्क ही घरगुती संगणकांत मुळींच नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. तेवढ्या जागेंत ब्रेनच्या काळच्या सुमारें २७ लक्ष फ्लॉपी मावतील.

आतां थोडा हिशेब करूं. जुन्या धर्तीच्या फिरत्या डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे करते. वाचणारा दांडा योग्य जागीं नेऊन तबकडीचा हवा तो भाग त्याखालीं येईपर्यंत सरासरीनें एका सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. हा वेळ आपल्याला क्षुल्लक वाटतो. परंतु विंडोज, तिच्यावरील प्रोग्रॅम आणि वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें मिळून डिस्कवर पांच लक्ष फाइली असतील, तर त्या नुसत्या शोधण्यांतच दहा हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास जातात. वाचणें व पडताळणें निराळेंच. फिरता भाग मुळींच नसलेल्या नव्या एस. एस. डी. मध्यें हाच वेळ कितीतरी कमी लागतो. तेव्हां फिरती डिस्क असलेल्या संगणकावर पूर्ण तपासणीला चार-पांच तास लागले तर त्यांत बिघाड कांहीं नाहीं.

त्यांत ती पट्टी. तिजवर फार विश्वास ठेवूं नये असें माझें मत आहे. एकूण काम किती हें अँटिव्हायरसला आधीं ठाऊक नसतें. तो एक अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बहुधा फाइलींच्या संख्येवरून असतो. वाण्याच्या यादीची चार ओळींची चिठ्ठी आणि घरच्या लग्नाचें तीन तासांचें चलच्चित्र हीं दोन्हीं त्याच्या लेखीं 'एक फाइल'. चिठ्ठ्यांचा ढीग असेल तेथें पट्टी धांवते, चित्रपट आला कीं ती थबकते. आपण थबकण्यालाच थांबणें समजतों.

मग खरोखर थांबली आहे कीं नुसती रेंगाळली आहे, हें ओळखावयाचें कसें? ॲलन ट्यूरिंग यानें १९३६ सालीं गणितानें सिद्ध करून ठेविलें आहे कीं, कोणताहि प्रोग्रॅम केव्हां तरी थांबेल कीं अखंड फिरत राहील हें सर्व बाबतींत अचूक सांगणारी एक सर्वसाधारण रीति असूंच शकत नाहीं. १९८४ सालीं फ्रेड कोहेन यानें विषाणूंच्या बाबतींतहि तसाच सिद्धान्त मांडला: सर्व विषाणु ओळखील आणि निर्दोष प्रोग्रॅमला कधींहि विषाणु म्हणणार नाहीं असा परिपूर्ण तपासनीस निर्माण होणें अशक्य आहे. अँटिव्हायरस करणारे हें जाणून असतात. म्हणूनच ते आपल्या काल्पनिक यंत्राला वेळेची मर्यादा घालतात. घरच्या माणसाला या सिद्धान्तांचा प्रत्यक्ष उपयोग नाहीं. पण एवढें समाधान मात्र मिळतें कीं, त्या पट्टीपुढें बसून आपल्याला पडलेला प्रश्न मूर्खपणाचा नाहीं.

घरच्या माणसानें लक्षणें पाहावीं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे विंडोजमध्यें 'टास्क मॅनेजर' नांवाची खिडकी उघडते. तींत 'परफॉर्मन्स' या सदराखालीं प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख मिळतात. डिस्कच्या आलेखाखालीं तीन आंकडे असतात ते विशेष महत्त्वाचे: ती किती टक्के वेळ कामांत आहे, सेकंदाला किती मजकूर वाचला जात आहे, आणि एका मागणीला उत्तर मिळण्यास सरासरी किती मिलिसेकंद लागतात. वाचन सेकंदाला काहीं दशक मेगाबाइटच्या गतीनें चालूं असेल तर एखादी मोठी फाइल वाचली जात आहे. आपण खुशाल आपल्या कामाला जावें. डिस्क बरीचशी निवांत आहे पण प्रोसेसर राबत आहे असें दिसलें, तर अँटिव्हायरस एखादी गुंतागुंतीची फाइल उलगडीत आहे. तेथेंहि थोडा धीर धरावा. दोन्हीं निवांत असून फाइलचें नांव मात्र अर्धा तास तेंच राहिलें, तर तपासणी दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत आहे असें समजावें. आणि डिस्क शंभर टक्के कामांत दाखवीत असून वाचन मात्र जवळजवळ शून्य, उत्तराला हजार हजार मिलिसेकंद, असें दिसलें तर तपासणी तेथल्या तेथें रद्द करावी. या शेवटच्या लक्षणाकडे मी लवकरच येतों.

गुंतागुंतीच्या फाइलींत पहिला मान 'झिप' जातीच्या आवळून बांधलेल्या गांठोड्यांचा. अशा गांठोड्यांत आंतल्या आंत दुसरीं गांठोडीं असूं शकतात, आणि तपासनीसाला तीं सारीं सोडून पाहावीं लागतात. याच गुणाचा गैरफायदा घेऊन कोणी तरी '४२ डॉट झिप' नांवाची एक फाइल करून ठेविली आहे. ती आकारानें अवघी ४२ किलोबाइट. परंतु तिच्यांत सोळा गांठोडीं, त्या प्रत्येकांत आणखी सोळा, असे थरावर थर आहेत, आणि सगळें उलगडलें तर साडेचार पेटाबाइट, म्हणजे आपल्या एक टेराबाइटच्या साडेचार हजार डिस्का भरतील. आजचे अँटिव्हायरस कांहीं थरांनंतर हात आंखडता घेतात, त्यामुळें ही फाइल आतां केवळ कौतुकाची वस्तु झाली आहे. परंतु घरांत निरुपद्रवी अशींहि मोठीं गांठोडीं असतात. जुन्या संगणकाची संपूर्ण प्रत एकाच फाइलींत बांधून ठेवलेली असते. कचेरीच्या पत्रव्यवहाराची दहा वर्षांची पेटी एकाच फाइलींत असते. मुलांनीं उतरवून घेतलेल्या खेळांचीं पुडकीं असतात. त्यांतील एखादें अर्धवट उतरलेलें किंवा आंतून नासलेलें असेल, तर तपासनीस तेथेंच घोटाळतो.

दोषी फाइल हुडकण्याची रीति सोपी आहे. पडद्यावर नांव दिसत असेल तर टिपून घ्यावें. दिसत नसेल तर पूर्ण तपासणी सोडून 'कस्टम स्कॅन' घ्यावा. म्हणजे अमुकच फोल्डर तपास, असें आपण सांगूं शकतों. डिस्कचे मनानें दोन भाग करावे, एक भाग तपासावा. तो सुरळीत पार पडला तर खोट दुसऱ्या भागांत आहे. त्याचे पुन्हां दोन भाग करावे. पांच लक्ष फाइलींतून एक निवडावयाची असली तरी या रीतीनें एकोणीस फेऱ्यांहून अधिक लागत नाहींत; आणि फोल्डर ओळखीचे असले म्हणजे पांच-सहा फेऱ्यांतच आपण मुक्कामाला पोंचतों. फाइल सांपडल्यावर ती नको असेल तर पुसून टाकावी. हवी असेल तर तेवढी एकटी तपासून पाहावी. ती विश्वासाच्या ठिकाणाहून आलेली असून नुसत्या आकारामुळें त्रास देत असेल, तर तेवढीच वगळण्याची सोय अँटिव्हायरसमध्यें असते. मात्र सगळा फोल्डर वगळणें किंवा 'डाउनलोड्स'सारखें रहदारीचें ठिकाण वगळणें, म्हणजे दिंडीदरवाज्याला कुलूप लावून महाद्वार मोकळें ठेवण्यापैकींच आहे.

यंत्र सारें निवांत, आणि तरी तपासणी पुढें जात नाहीं, या प्रकारांत बहुधा दोन पहारेकऱ्यांचें भांडण असतें. प्रत्येक अँटिव्हायरस विंडोजच्या अगदीं आंतल्या भागांत आपली एक चौकी बसवितो. कोणतीहि फाइल उघडावयाची झाली कीं ती मागणी त्या चौकीवरून जाते. आतां एका संगणकावर असे दोन असले, तर पहिल्यानें तपासण्यासाठीं फाइल उघडली कीं दुसरा तिला अडवून स्वतः तपासूं लागतो. दुसऱ्यानें उघडलेली फाइल पहिल्याच्या लेखीं नवी मागणी ठरते. क्वचित् दोघेहि एकमेकांची वाट पाहत बसतात. विंडोजबरोबर येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा घरगुती संगणकावर दुसरा अँटिव्हायरस आला कीं आपण होऊन बाजूला सरतो, हें खरें. अडचण येते ती त्या तिसऱ्याची, जो संगणक विकत घेतांना महिना-दोन महिन्यांच्या फुकट मुदतीवर आला होता, मुदत संपल्यावर विसरला गेला, आणि काढून टाकला असें वाटलें तरी ज्याची चौकी मागें राहिली. अशा चौक्या समूळ काढण्यासाठीं बहुतेक अँटिव्हायरस करणाऱ्यांनीं स्वतःच एक छोटेंसें साधन आपल्या अधिकृत स्थळावर ठेवलेलें असतें. तें तेथूनच घ्यावें, अन्य ठिकाणाहून नव्हे.

हीं भांडणें केवळ घरगुती नसतात. ९ एप्रिल २०१९ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजच्या सुधारणा प्रसृत केल्या, तेव्हां सोफॉस, अव्हास्ट, अविरा इत्यादि अँटिव्हायरस असलेले कित्येक विंडोज ७ व ८.१ चे संगणक सुरू होतां होतांच गोठूं लागले. विंडोजचा आणि त्या पहारेकऱ्यांचा एकमेकांशीं मेळ बसेना. म्हणून तपासणी अडण्याचा प्रकार एखाद्या सुधारणेनंतर एकाएकीं सुरू झाला असेल, तर घरांत दोष शोधण्यापूर्वीं दोन-चार दिवस थांबून विंडोज व अँटिव्हायरस दोन्ही अद्ययावत करून पाहावे.

जातां जातां किरकोळ कारणें सांगून टाकतों. मांडीवरील संगणक झांकण मिटल्यावर किंवा ठराविक वेळानें झोंपीं जातो, आणि तपासणीहि त्याबरोबर झोंपते. तेव्हां तिच्यापुरती ही झोंप बंद ठेवावी आणि विजेची दोरी लावून ठेवावी. दुसऱ्या खोलींतील संगणकाचा फोल्डर आपल्या यंत्रावर जोडलेला असेल आणि तो संगणक बंद असेल, तर तपासनीस दारावर टकटक करीत उभा राहतो. पंख्यांत धूळ भरल्यानें तापलेला प्रोसेसर आपली गति आपणच कमी करतो.

आतां त्या महाग पडणाऱ्या प्रकाराकडे येऊं. डिस्क शंभर टक्के कामांत आणि वाचन जवळजवळ शून्य, याचा अर्थ बहुधा असा कीं डिस्कचा कांहीं भाग वाचतां येईनासा झाला आहे. डिस्कवरील मजकूर लहान लहान घरांत विभागलेला असतो. एखादें घर नीट वाचलें जात नसेल तर डिस्क निमूटपणें हार मानीत नाहीं. ती तेंच घर पुन्हां पुन्हां वाचून पाहते, आणि यांत कित्येक सेकंद जातात. मग विंडोज तीच मागणी पुन्हां करते. अशीं शेंकडों घरें ओळीनें नासलेलीं असलीं म्हणजे अँटिव्हायरस त्या एका फाइलवर तासन् तास अडकतो. दोष मात्र त्याच्या कपाळीं येतो, कारण तोच त्या वेळीं पडद्यावर असतो. एरवीं हा नासका भाग लक्षांत येत नाहीं, याचें कारण उघड आहे: सात वर्षांपूर्वींच्या सहलीचीं छायाचित्रें रोज कोण उघडतो? पूर्ण तपासणी हाच कित्येक घरांत असा एकमेव प्रसंग असतो कीं, ज्या वेळीं डिस्कवरील प्रत्येक कोपरा वाचला जातो.

हें लक्षण किती गंभीर समजावें, याविषयीं एक उत्तम पुरावा आहे. २००७ सालीं गूगलच्या पिन्हेरो, वेबर व बारोसो या तिघां संशोधकांनीं आपल्या कंपनीतील लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच आपला पृष्ठभाग अधूनमधून वाचून पाहत असते, आणि त्यांत आढळलेल्या दोषांची नोंद ठेवते. अशा पहिल्या दोषानंतर साठ दिवसांच्या आंत ती डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या मानानें ३९ पट असतो, असें त्यांना दिसून आलें. त्याच अभ्यासांत दुसरीहि एक गोष्ट निघाली, ती अधिक अस्वस्थ करणारी आहे: निकामी झालेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं मुख्य चार सूचनांपैकीं एकहि सूचना आधीं दिलेली नव्हती. म्हणजे सूचना मिळाली तर ती फार मोलाची. न मिळाली म्हणून निर्धास्त राहावें असें नाहीं.

खात्री करून घ्यावयाची असेल तर विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून त्यांतील 'सिस्टिम' ही नोंदवही पाहावी. तपासणी अडली त्याच वेळेच्या सुमारास 'डिस्क' या नांवानें ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी ओळीनें आढळल्या, तर संशयास जागा उरत नाहीं. ७ म्हणजे नासकें घर सांपडलें, आणि १५३ म्हणजे मागणी पुन्हां करावी लागली.

अशा वेळीं काय करावें यापेक्षां कोणत्या क्रमानें करावें याला अधिक महत्त्व आहे. पुष्कळ ठिकाणीं असा सल्ला मिळतो कीं प्रथम 'चेकडिस्क' चालवावें. चेकडिस्क हें उपयुक्त साधन आहे. वीज एकाएकीं गेल्यामुळें फाइलींच्या नोंदवहींत घोटाळा झाला असेल तर तें तो निस्तरतें. परंतु नासकीं घरें शोधण्याची त्याची जी पूर्ण पद्धत आहे, तींत डिस्कवरील प्रत्येक घर वाचलें जातें. मरणोन्मुख डिस्कला असें राबविणें म्हणजे धाप लागलेल्या माणसाला गड चढावयास सांगण्यासारखें आहे. आधीं नक्कल, मग दुरुस्ती. एक बाहेरची डिस्क आणावी आणि जें पुन्हां मिळणार नाहीं तें प्रथम उतरावें: छायाचित्रें, मुलांचीं प्रमाणपत्रें, आजोबांच्या पत्रांच्या प्रतिमा, घराचे कागद. प्रोग्रॅम आणि चित्रपट पुन्हां मिळतात. ते राहिले तरी चालतील. एकेक फोल्डर घ्यावा. जी फाइल अडेल ती सोडून पुढें जावें, तिच्याशीं हुज्जत घालीत बसूं नये. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र नक्कल करण्याचाहि मोह आंवरावा, यंत्र बंद करावें, आणि मजकूर परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावें. डिस्क शीतकपाटांत ठेवण्याची एक युक्ति अजून कानावर येते. तिनें आंत दंव धरून उरलासुरला मजकूरहि जाण्याचें भय असतें.

नक्कल पदरांत पडली म्हणजे चेकडिस्क खुशाल चालवावें. टेबलावरील मोठ्या संगणकांत डिस्कला जोडणारी दोरी सैल असल्यानेंहि असाच उपद्रव होतो. ती काढून घट्ट बसविण्यास खर्च कांहीं नाहीं. तेवढ्यानें नोंदी थांबल्या नाहींत तर डिस्क बदलावी. तिच्या जागीं एस. एस. डी. बसविली तर तपासणीचे तासहि वांचतात, मात्र एस. एस. डी. सुद्धां मरते, आणि पुष्कळदां कांहीं न सांगतां मरते, म्हणून बाहेरची नक्कल तेव्हांहि हवीच.

खरोखरीच्या विषाणूनें तपासणी अडविली असा प्रकार मीं मुद्दामच मागें ठेविला, कारण लोकांच्या मनांत तो पहिला असतो आणि वस्तुस्थितींत त्याचा नंबर बराच खालीं लागतो. तथापि असे विषाणु आहेत. २००८ सालीं पसरलेला 'कॉन्फिकर' हा अँटिव्हायरस कंपन्यांचीं स्थळें उघडूंच देत नसे, आणि विंडोजच्या सुधारणाहि बंद पाडी. तपासणी अडते एवढेंच नव्हे, तर अँटिव्हायरस आपोआप बंद होतो, पुन्हां सुरू करूं जातां नकार मिळतो, किंवा त्याला नव्या खुणा उतरवून घेतां येत नाहींत, अशी लक्षणें एकत्र दिसलीं तर हा संशय घ्यावा. त्यावर तोड म्हणून डिफेंडरमध्यें 'ऑफलाइन स्कॅन' ठेविलेला आहे. तो निवडला कीं संगणक बंद होऊन पुन्हां सुरू होतो आणि विंडोज पुरती जागी होण्यापूर्वींच, म्हणजे विषाणूला हातपाय हलवितां येण्यापूर्वींच, तपासणी होते. तिला सुमारें पंधरा मिनिटें लागतात. हातांतील काम आधीं जपून ठेवावें, एवढीच अट.

या सगळ्या खटाटोपांत एका गोष्टीनें धीर द्यावा. पूर्ण तपासणी अडली म्हणजे संगणक उघडा पडला असें नाहीं. आजचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडतांच त्या क्षणीं ती तपासतो. खरा पहारा तो आहे. तो चालूं असेल आणि 'क्विक स्कॅन' पार पडत असेल, तर पूर्ण तपासणीचा दोष शोधण्यास आठवडा लागला तरी घाबरण्याचें कारण नाहीं. त्यासाठीं पहारा बंद ठेवणें मात्र कोणत्याहि कारणानें क्षम्य नाहीं.

राहतां राहिला दूरध्वनीचा प्रश्न. तपासणी अडल्यावर घाबरलेला माणूस इंटरनेटवर मदत शोधूं लागतो, आणि त्याच वेळीं पडदाभर लाल अक्षरांत 'आपला संगणक बाधित झाला आहे' अशी सूचना, वर भोंग्याचा आवाज आणि खालीं एक क्रमांक झळकतो. हें तपासणीचें फळ नव्हे. तें एक साधें पान आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेंत दूरध्वनि क्रमांक कधींहि नसतो. 'एस्केप' दाबून किंवा टास्क मॅनेजरमधून तें पान बंद करावें. त्या क्रमांकावरील गृहस्थ फार सभ्यपणें बोलतात. आपल्या संगणकाचा ताबा दुरून घेण्याचें एक साधन आपल्याकडूनच बसवून घेतात, इव्हेंट व्ह्यूअरमधील नेहमींच्याच लाल खुणा दाखवून भय घालतात, आणि मग पैसे भरण्याकरितां बँकेचें खातें त्यांच्या डोळ्यांदेखत उघडावयास लावतात. सायंकाळीं एकट्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसांना हे लोक विशेषेंकरून गांठतात, म्हणून घरांतील तरुणांनीं ही गोष्ट त्यांच्या कानांवर आधींच घालून ठेवावी.

कोणी त्या जाळ्यांत सांपडलेंच, तर प्रथम संगणकाचें इंटरनेट तोडावें, मग दुसऱ्या यंत्रावरून बँकेला कळवून खातें गोठवावें व सांकेतिक शब्द बदलावे, आणि विलंब न लावतां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत फिरण्यापूर्वीं ही तक्रार पोंचली तर ते अडवितां येण्याची शक्यता असते. तेव्हां लाज वाटून रात्र जाऊं देऊं नये. ताबा घेण्याचें तें साधन संगणकावरून काढून टाकल्यावर ऑफलाइन स्कॅन एकदां करून घ्यावा, आणि तो पार पडेपर्यंत त्या संगणकावर बँकेचें खातें उघडूं नये.